ई-सायकलचं फ्रीव्हील धरतंय, पॅडलं आपोआप फिरतात. मोटर चाकातच आहे, बदलायचं कसं?

खेर्डीची_सायकल

नमस्कार मंडळी. जरा लांबलंय पण नीट वाचा प्लीज, कारण मला दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं मिळालीत आणि दोन्हीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सायकल अशी आहे: मागच्या चाकात 250 वॅटची मोटर, गिअर नाहीत म्हणजे सिंगल स्पीड, पॅडल असिस्ट आहे (पॅडल मारलं की मोटर जोर देते) आणि थ्रॉटल पण (पॅडल न मारता हँडलवरून मोटर चालते), मागे डिस्क ब्रेक. चिपळूण ते खेर्डी एमआयडीसी रोजचं येणंजाणं हिच्यावरच, पावसात पण चालवते कारण दुसरं वाहन नाही.

पावसाळा संपता संपता मागून खरखर यायला लागली. चेनला तेल सोडलं, थोडे दिवस बरं वाटलं, परत सुरू. मग असं व्हायला लागलं की उतारावर पाय थांबवले की वरच्या बाजूची चेन एकदम सैल पडते आणि चेनकव्हरवर आपटते. आता तर सायकल हातात धरून नुसती ढकलत नेली तरी पॅडलं आपोआप पुढे फिरतात आणि नडगीवर बसतात. पण सगळ्यात भीती वाटते ती याची की थ्रॉटल सोडला तरी मोटर लगेच थांबत नाही, ब्रेक दाबला की मगच सुटते. बहादूरशेख नाक्यावर गर्दीत हे झालं तेव्हा पोटात गोळाच आला.

एका दुकानात सांगितलं मोटर गेली, पूर्ण चाकच बदला. आमच्या इथले पंक्चरवाले काका म्हणाले मोटरला काही झालेलं नाही, फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र, पाय थांबवला की मोकळं फिरतं ते) धरलंय, पण मोटरची वायर एक्सलमधून बाहेर येते ती नेमकी फ्रीव्हीलच्याच बाजूला आहे आणि त्यावरून जाईल असं टूल त्यांच्याकडे नाही, आणि छिन्नी-हातोडीने काढायला ते तयार नाहीत.

कोणाचं खरं? तेल सोडून भागेल की बदलावंच लागेल? आणि घरी जमेल का? हाताला काम करायची सवय आहे, पाने आहेत, भाऊ मदतीला आहे.

---

सिंहगड_चढणारा

ताई, पंक्चरवाले काका बरोबर आहेत, आणि छिन्नी लावायला नाही म्हणाले म्हणजे माणूस कामाचा आहे, त्यांना सोडू नका.

मोटर गेली असती तर लक्षण वेगळं असतं. चाकातल्या या छोट्या मोटरींच्या पोटात नायलॉनचे गिअर असतात आणि एक वन-वे क्लच असतो, तो वेगळा, आणि बाहेर ज्याच्यावर चेन बसते ते फ्रीव्हील वेगळं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. आतला क्लच किंवा गिअर गेला की मोटर घूंऽ करत राहते आणि चाक जागचं हलत नाही. तुमच्याकडे उलटं आहे, चाक फिरतंय पण फ्रीव्हीलचं बाहेरचं दातेरी कडं सुटायला पाहिजे ते सुटत नाहीये, चाकाबरोबर ओढलं जातंय आणि चेनला पुढे ढकलतंय, म्हणूनच वरची बाजू सैल पडते.

आता थ्रॉटलचं, कारण लोक याला खरखर म्हणून सोडून देतात आणि हीच खरी धोक्याची गोष्ट आहे. बहुतेक सायकलींत पॅडल असिस्टचा सेन्सर म्हणजे क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या) एक्सलवर चुंबकं लावलेली चकती आणि तिच्या शेजारी एक सेन्सर, बस. त्याला एवढंच कळतं की क्रँक पुढे फिरतोय. तुमचा पाय पॅडलवर आहे का, जोर लावताय का, हे त्याला कळायचा मार्गच नाही. तुमचं फ्रीव्हील क्रँक फिरवतंय, सेन्सरला वाटतं तुम्ही पॅडल मारताय, कंट्रोलर (मोटरला करंट देणारा डबा) मोटर चालू ठेवतो, मोटर चाक फिरवते आणि चाक परत क्रँक फिरवतं. ब्रेकच्या लिव्हरमध्ये कट-ऑफ स्विच आहे म्हणून तुम्ही ब्रेक दाबला की हे चक्र तुटतं. तो स्विच ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवसाचा विचार करा.

म्हणून दुरुस्त होईपर्यंत असिस्ट शून्यावर ठेवा. काही सायकलींत शून्यावर थ्रॉटलही बंद होतो, तसं असेल तर बॅटरी बंद करून साधी सायकल म्हणून चालवा. आणि आजच मागचं चाक स्टँडवर उचलून, थ्रॉटल हलका देऊन, दोन्ही लिव्हर एकेक करून दाबून बघा, दोन्हींनी मोटर थांबली पाहिजे.

खात्री करायची असेल तर बॅटरी बंद करून चेन उतरवा. चाक एका हाताने धरून फ्रीव्हील मागच्या दिशेने फिरवा, टिकटिक करत अगदी हलकं फिरलं पाहिजे. मग फ्रीव्हीलला हात न लावता चाक पुढे फिरवा, फ्रीव्हील जवळजवळ जागेवर राहिलं पाहिजे. जड लागलं, मध्येच धरलं किंवा चाकाबरोबर गेलं तर विषय संपला.

---

खेर्डीची_सायकल

बापरे, हे सेन्सरचं कोणीच सांगितलं नव्हतं. असिस्ट शून्यावर टाकला, आमच्याकडे थ्रॉटल चालतो शून्यावर आणि आता सोडला की लगेच सुटतो. दोन्ही ब्रेकचे कट-ऑफ चालू आहेत.

चेन उतरवून बघितलं. मागे फिरवताना वाळू भरल्यासारखं कर्रकर्र लागतं आणि एका जागी जाम होतं. चाक फिरवलं की फ्रीव्हील सोबत फिरतं. कडेने लाल-तपकिरी पाणी सुकल्याचे डाग आहेत. दात 18 आहेत, आतल्या कडेला चार खाचा दिसतात. वायर एक्सलच्या टोकातून येते आणि पुढे गोल प्लग आहे.

---

चाकवाला_नाशिक

लाल पाणी म्हणजे आतले छर्रे गंजले, ते आता तेलाने गुळगुळीत होणार नाहीत, बदला. सिंगल स्पीड फ्रीव्हील काही शे रुपयांत मिळतं, त्यासाठी कोणी पूर्ण मोटरचं चाक विकत असेल तर ते बरोबर नाही, एवढंच म्हणतो.

आटे जवळपास सगळ्या सायकलींना एकच असतात, 1.37 इंच व्यास आणि इंचाला 24 आटे, आपली लुधियानाची रोजची फ्रीव्हीलं पण तीच आणि मोटरवाल्या चाकांवर पण तीच. त्यामुळे कंपनीचंच पाहिजे असं काही नाही. बघायचं ते दात, 18 काढलं तर 18 च लावा, नाहीतर चेनची लांबी बदलेल. आणि चेनची रुंदी, सिंगल स्पीडला सहसा इंचाच्या आठव्या भागाची जाड चेन असते, गिअरवाल्याची चेन पातळ असते, पातळ चेन जाड दातावर बसत नाही.

आता काढायचं. मी रोज करतो त्या क्रमाने सांगतो, घाई करू नका.

बॅटरी बंद करून शक्य असेल तर काढूनच ठेवा. मोटरचा प्लग शोधा, त्यावर दोन्ही बाजूंना बाण किंवा रेघ असते, तिचा फोटो काढा, पिळू नका, सरळ ओढा. आत बारीक पिना असतात, पिळलं की वाकतात आणि मग खरंच मोटरचं काम निघतं. वायर चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दांड्याला) बांधलेल्या पट्ट्या कापा. एक्सलचे नट बहुधा 18 नंबरच्या पान्याने खुलतात, बसतो तो पाना घ्या, अॅडजस्टेबलने कोपरे घासू नका. नट काढताना वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडा आणि फोटो काढा. त्यातला एक वॉशर जिभळीवाला असतो, ती जिभळी फ्रेमच्या खाचेत अडकते, मोटर जोर लावते तेव्हा एक्सल उलटा फिरू नये म्हणून तोच अडवतो. तो उलटा लावला किंवा विसरला तर एक्सल फिरून स्वतःचीच वायर पिळून तोडतो. मी अशी चाकं बघितलीत.

चाक बाहेर आलं की ते डिस्कवर आडवं टाकू नका, डिस्क वाकेल. उभंच भिंतीला टेकवून भावाला टायर दोन गुडघ्यांत घट्ट धरायला सांगा. साध्या सायकलला आम्ही टूल शिकंज्यात धरून वरून चाक स्टिअरिंगसारखं फिरवतो, ते सगळ्यात सोपं, पण तुमची वायर त्याच बाजूला आहे, खाली शिकंज्यात वायर चेंगरली तर संपलं. म्हणून तुमच्यासाठी टूल वरून लावायचं आणि लांब पान्याने फिरवायचं.

चार खाचांचं टूल, चारही दात तळापर्यंत बसले पाहिजेत. मग एक्सलचाच नट वरून हाताने हलका लावा, टूल उसळून बाहेर येऊ नये एवढाच. फिरवायचं डावीकडे, घड्याळाच्या उलट. जोर लागणार, कारण तुम्ही जितक्या वेळा पॅडल मारलंय तितक्या वेळा ते आणखी घट्ट झालंय. पान्याला पाइप लावा. कडक्क असा आवाज येऊन सुटलं की थांबा, नट काढा, आणि मग हाताने खोलत जा. नट तसाच ठेवून फिरवत राहिलात तर फ्रीव्हील बाहेर येऊन नटाला टेकेल आणि आटे जातील.

आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल आट्यांच्या फटीत मागच्या बाजूने सोडून ठेवा. मोटरच्या सीलवर नाही, तिथे फडकं धरा.

---

टर्नर_कोल्हापूर

वरचं सगळं बराबर हाय. दोन गोष्टी वाढवतो.

ताई, तुमचा तो गोल प्लग टूलच्या भोकातून जातोय का आधी बगा. चार खाचांची जी टुलं मिळतात ती साध्या एक्सलच्या मापाची, मोटरचा एक्सल 12 मिलिमीटरचा आणि त्याच्या टोकाला प्लग, बऱ्याचदा जात न्हाई. लोक मग वायर कापत्यात आणि परत जोडत्यात, आत नऊ बारीक तारा आसत्यात, तसलं काय करू नगा. टूल घ्या आणि लेथवाल्याकडून मधलं भोक मोठं करून घ्या. खेर्डीत एमआयडीसी हाय म्हणताय तर टर्नर दारातच आसंल. त्याला सांगा कार्बाइडच्या टूलनं काढ, मटेरियल कडक आसतंय, आणि दातांच्या मुळाशी भिंत पातळ ठेवू नको, न्हाईतर जोर लावला की दातच तुटंल. प्लगचा जाडात जाड भाग व्हर्नियरनं मापून द्या, त्यापेक्षा थोडं जास्त ठेवा. आणि टूल निळं पडेपर्यंत तापवायचं न्हाई, दात मऊ पडत्यात.

दुसरं म्हंजे गॅसची बत्ती. साध्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) अडकलेलं फ्रीव्हील आमी तापवून काढतो. मोटरच्या हबला कधीच न्हाई. आत निओडिमियमची चुंबकं आसत्यात, साध्या ग्रेडची 80 अंशाच्या वर गेली की त्यांचा जोर कायमचा उतरतोय, परत येत न्हाई. बत्तीच्या आचेनं आतले हॉल सेन्सर (चुंबकाची जागा ओळखणारे) आणि सील पण जाऊ शकत्यात. छिन्नी-हातोडीचं पण तेच, फ्रीव्हील ज्या आट्यावर बसलंय तो मोटरच्या कव्हरचा भाग हाय, कव्हर ॲल्युमिनियमचं आणि बारीक स्क्रूंवर धरलेलं. घाव सगळा तिथं बसतोय.

खाचा झिजल्या, टूल घसरलं तर घाबरू नगा, अजून एक वाट हाय. फ्रीव्हीलच्या तोंडावर दोन बारीक भोकं आसलेली रिंग दिसंल, तिला पंच लावून उजवीकडं फिरवा, ती उलट्या आट्याची आसती. ती निघाली की बाहेरचं कडं, छर्रे, कुत्ते (आतले खटके) समदं हातात येतंय. खाली परात ठेवा. आतली बॉडी उरती ती पाइप पान्यानं धरून डावीकडं फिरवायची. फ्रीव्हील वाया गेलं पर तुमचं वायाच हाय. मोटर वाचती.

---

अमरावती_ऊन

माझं थोडं वेगळं मत आहे. लगेच बदलायची गरज नसते दरवेळी. माझ्या सायकलचं फ्रीव्हील असंच धरायचं, मी डिझेल टाकून फिरवून फिरवून धुतलं, सगळी काळी घाण निघाली, मग ग्रीस भरलं, आता मस्त चालतंय. बदलणं हा शेवटचा उपाय.

---

चाकवाला_नाशिक

धुण्याला माझा विरोध नाही, ग्रीसला आहे. आणि तुमच्याकडे कोरडी धूळ, ताईंकडे चार महिने पाणी, दोन्ही दुखणी वेगळी.

आतमध्ये काय असतं बघा. बारीक छर्रे असतात ते फिरण्यासाठी, आणि कुत्ते असतात, म्हणजे स्प्रिंगने उचललेले छोटे खटके, जे आतल्या दात्यांत अडकतात. पुढे पॅडल मारलं की अडकतात, थांबलं की टिकटिक करत घसरतात. धूळ-घाणीने छर्रे जड झाले असतील तर धुऊन निघेल, तुमचं निघालं, चांगलं झालं. पण छर्ऱ्याचा पृष्ठभागच गंजून खड्डे पडले असतील तर धुतल्यावर दोन आठवडे बरं वाटतं आणि परत तेच, कारण खड्डा तसाच राहतो. कर्रकर्र आणि एकाच जागी जाम, हे खड्ड्याचं लक्षण आहे.

आता ग्रीस. जाड ग्रीस भरलं की कुत्ते त्यात चिकटतात आणि स्प्रिंग एवढी बारीक असते की ती त्यांना उचलू शकत नाही. मग उलटा आजार होतो, पॅडल मारलं की मध्येच मोकळं फिरतं आणि परत अचानक पकडतं. उभं राहून पॅडल मारताना असं सुटलं तर छाती हँडलवर आपटते. थंडीच्या सकाळी हे जास्त होतं कारण ग्रीस आणखी घट्ट होतं. तुमच्याकडे उन्हात कळणार नाही, डिसेंबरात लक्ष ठेवा. फ्रीव्हीलला पातळ तेलच, शिलाई मशीनचं किंवा हलकं इंजिन ऑइल. सायकल आडवी करून, फ्रीव्हील वर, फिरणारा आणि न फिरणारा भाग यांच्यामधल्या फटीत थेंब थेंब सोडायचं आणि मागे फिरवत राहायचं, खालून काळं येईपर्यंत. मग बाहेरचं पुसून घ्यायचं, नाहीतर धूळ चिकटते. मागे डिस्क आहे त्यामुळे तेल पलीकडे उडू देऊ नका, डिस्कला तेल लागलं की ब्रेकपॅड गेले.

डब्ल्यूडी-40 मारून सोडून देतात ते पण बरोबर नाही. ते घाण सोडवायला चांगलं, पण ते टिकत नाही आणि आतलं होतं नव्हतं ते तेल धुऊन नेतं, मारलंत तर नंतर तेल सोडायलाच पाहिजे. आणि सर्व्हिसिंग सेंटरला बाइकसोबत प्रेशरच्या पाइपने धुऊन घेऊ नका, ते पाणी थेट फ्रीव्हीलमध्ये आणि मोटरच्या सीलमध्ये जातं. बादली आणि फडकं पुरतं.

---

अमरावती_ऊन

ग्रीसचं लक्षात आलं. थंडीत मध्येच सुटतं हे खरं आहे, मी चेन घसरते समजत होतो. या रविवारी परत धुऊन तेल सोडतो.

---

स्टुटगार्टचा_मराठी

इकडे जर्मनीत बहुतेक ई-बाइकला मोटर मध्ये, क्रँकपाशी असते, त्यामुळे थोडा फरक सांगतो, कोणाकडे तशी सायकल असेल तर उपयोगी पडेल. चाकातल्या मोटरमध्ये मोटरचा जोर थेट चाकाला जातो, फ्रीव्हीलवर फक्त तुमच्या पायाचा जोर येतो, म्हणून ते झिजण्यापेक्षा पाण्यानेच जास्त जातं. मधल्या मोटरचं तसं नाही, मोटरचा आणि पायाचा सगळा जोर चेनमधून मागे जातो, त्यामुळे चेन आणि मागची चक्रं भराभर झिजतात. तिथे मागे सहसा आट्याचं फ्रीव्हील नसतं, कॅसेट असते, म्हणजे चक्रं वेगळी निघतात आणि खटक्यांचा भाग हबमध्येच राहतो. ते काढायला चेन गुंडाळून धरायचा दांडा आणि लॉकरिंगचं टूल लागतं, खेर्डीच्या ताईंसाठी वर सांगितलेलं टूल त्याला चालणार नाही.

चेन मात्र दोन्हीकडे मोजायची. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच. ती पिन 12 इंचाच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर मागचे दातही तिच्यासोबत गेलेत. नव्या फ्रीव्हीलवर जुनी ताणलेली चेन टाकली तर ती दातांवरून उड्या मारते आणि नवे दातही खाते, म्हणून ताई तुम्ही फ्रीव्हील बदलताय तर आधी चेन मोजा.

---

खेर्डीची_सायकल

झालं!! सगळ्यांचे मनापासून आभार, नीट सांगते कारण पुढे कोणालातरी लागेल.

प्लग टूलमधून जात नव्हता, टर्नर दादांनी सांगितलं तसंच झालं. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यांनी भोक मोठं करून दिलं, प्लग सोबत नेऊन दाखवता येईना म्हणून मोटरच्या प्लगचं माप कागदावर लिहून नेलं होतं. रात्री आट्यांच्या फटीत तेल सोडून ठेवलं. सकाळी भावाने टायर धरला, पंक्चरवाल्या काकांना पण बोलावलं होतं, त्यांच्याकडचा लांब पाना आणि पाण्याच्या पाइपचा तुकडा. पहिल्यांदा टूल थोडं उचललं गेलं म्हणून थांबून खाचांमधली माती टाचणीने पूर्ण काढली, मग दात तळापर्यंत बसले. नंतर जोर लावला तर असा आवाज आला की मला वाटलं काहीतरी तुटलं, पण ते सुटल्याचाच आवाज होता. काका म्हणाले आता नट काढ आधी. काढला.

जुनं फ्रीव्हील काकांनी तिथेच खोलून दाखवलं. आतून लाल चिखल आणि छर्रे अर्धे तपकिरी. मोटरची बाजू कोरडी होती, स्वच्छ. पूर्ण चाकाचे पैसे वाचले ते आहेच, पण त्याहून जास्त बरं वाटलं ते आत काय असतं हे डोळ्यांनी बघितल्यावर.

नवीन 18 दातांचंच आणलं. मागच्या बाजूला एक पातळ रिंग होती आट्यांवर, ती काकांनी परत टाकली. आट्यांना ग्रीस लावलं, चालेल ना ते? कारण वर ग्रीस नको म्हटलंय. चेन मोजली तर एक सोळांशाच्या थोडी पुढे, ती पण बदलली. आता पाय थांबवला की पॅडल थांबतं आणि असिस्ट दोनवर ठेवून पण थ्रॉटल सोडला की मोटर तिथल्या तिथे सुटते.

---

टर्नर_कोल्हापूर

लई भारी ताई. ते टूल जपून ठेवा, काकांच्या दुकानात ठेवलं तरी चालंल, गावात अजून कुनाच्या तरी सायकलला लागणारच हाय.

---

चाकवाला_नाशिक

आट्यांना ग्रीस पाहिजेच, ते चांगलं केलंत. नको म्हटलं ते आतल्या कुत्त्यांना. आटे कोरडे ठेवले तर पुढच्या वेळी लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असं धरतात की पाइप लावून पण सुटत नाही. ती पातळ रिंग टाकली हे पण बरोबर, ती नसेल तर फ्रीव्हीलची आतली बाजू कव्हरच्या स्क्रूंना घासते. बसवताना मी नेहमी आधी उलटं फिरवून आटा खाली पडल्याचा टक्क आवाज ऐकतो आणि मगच पुढे फिरवतो, कव्हरचे आटे तिरके गेले तर तिथे दुरुस्ती नाही. तुमचं हाताने शेवटपर्यंत गेलं असेल तर काळजी नाही, बाकीचं तुमच्या पॅडल मारण्याने घट्ट होईल.

फिरताना फ्रीव्हील किंचित डुलताना दिसेल, त्याने घाबरू नका, बहुतेक सगळी थोडी डुलतात. चेन मध्यावर बोटाने दाबल्यावर अर्धा इंच खालीवर झाली पाहिजे, फार ताणली असेल तर परत तीच खरखर येईल आणि नवीन छर्रे लवकर जातील. चेनला क्लिपवाला लॉक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला.

आता एवढं करा. एक्सलचे नट काही दिवस चालवल्यावर परत तपासा, नवीन बसवलेल्या चाकाचे नट बसतात आणि थोडे ढिले होतात. टॉर्क पाना मिळाला तर 35 ते 40 न्यूटन मीटर. जिभळीचा वॉशर खाचेत आहे ना ते टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पातळ तेल सोडा, आणि पाण्यात चाक बुडेल अशा रस्त्याने गेलात तर त्याच संध्याकाळी.

आणि वायर परत बांधताना एक्सलमधून निघाल्यावर आधी खाली थोडी लोंबू द्या आणि मग वर चिमट्याला न्या. सरळ वर नेली तर पावसाचं पाणी वायरवरून ओघळत एक्सलच्या भोकातून मोटरमध्ये जातं. खाली वाक असला की ते त्या वाकावरून जमिनीवर गळतं.

---

खेर्डीची_सायकल

वायर सरळ वरच नेली होती. आत्ता जाऊन पट्टी कापून खाली वाक दिला, वॉशरची जिभळी खाचेत आहे, टॉर्च मारून बघितली. नट शनिवारी परत आवळते.